पोटातला राग आणि आतड्याचा आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार, होऊन ११ वर्षं झाली. नाशिकमध्ये आम्ही काही रुग्ण आणि घरची माणसं महिन्यातून एकदा एकत्र बसतो. तिथून माझा नंबर हातोहात फिरतो आणि सिडको, पंचवटी, ओझर, सिन्नर, पार मनमाडहूनही मेसेज येतात. त्यातले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: हा आजार मनातून आला का, आणि मन मोकळं केलं तर जाईल का? मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. वाचलेलं, तज्ज्ञांना विचारून घेतलेलं आणि स्वतः भोगलेलं इथे लिहिलं आहे.

१. ताई, आजार मनातूनच येतो असं सांगणारे हे लोक नेमकं म्हणतात तरी काय?

त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक आजारामागे एखादा भावनिक धक्का किंवा न सुटलेला संघर्ष असतो, आणि कोणता अवयव बिघडला यावरून तो ओळखता येतो. आतडं बिघडलं म्हणजे काहीतरी "पचलेलं नाही": गिळलेला राग, अपमान, आपल्याच माणसाने केलेला विश्वासघात. तो संघर्ष शोधायचा, बोलून-रडून मोकळा करायचा, की आतडं आपलं आपण बरं होतं. काही जण त्याच्याही पुढे जातात आणि औषधं हे बरं होणं अडवतात असं सांगतात.

मराठी माणसाला हे चटकन पटतं, कारण आपल्या बोलण्यातच ते मुरलेलं आहे. भीतीने पोटात गोळा येतो, लेकरासाठी आतडं तुटतं, दुसऱ्याची चूक आपण पोटात घालतो, आणि वाटणीतला अन्याय वर्षानुवर्षं पचनी पडत नाही. हे शब्द खऱ्या अनुभवातून आले आहेत. पण ते भावनेचं वर्णन करतात. आतड्याच्या अस्तरावर व्रण का पडले, हे त्यांच्यावरून ठरत नाही.

२. आयबीएस आणि आयबीडी एकच ना? नावं तर सारखीच आहेत.

नाही, आणि हा फरक आधी पक्का करा, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) पोट दुखतं, फुगतं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होतं, पण दुर्बिणीतून पाहिलं तर आतडं ठीक दिसतं. त्रास खराच असतो. बिघाड असतो तो आतडं आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांच्या देवाणघेवाणीत.

आयबीडीमध्ये (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज), म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांमध्ये, आतड्याला सूज आणि व्रण असतात. रक्त पडतं, वजन उतरतं, हिमोग्लोबिन खाली येतं. तुकडा काढून तपासला की सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसतो. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढलेलं असेल तर आतड्यात दाह असण्याची शक्यता मोठी असते. "माझ्या मावसबहिणीचं पोट ध्यानाने बरं झालं" असं कुणी सांगितलं, तर तिला या दोनांतलं काय होतं ते आधी विचारा.

३. म्हणजे मनाचा आणि पोटाचा काही संबंधच नाही?

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. आतड्याच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. चेतापेशी निरोप द्यायला सेरोटोनिन हे रसायन वापरतात; शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. मेंदू आणि आतडं यांना जोडणारी व्हेगस ही चेता आहे; तिच्यातले बहुतेक तंतू निरोप खालून वर नेतात, म्हणजे आतड्याकडून मेंदूकडे. दहावीच्या पेपरच्या सकाळी मुलांची संडासपुढे रांग लागते, ती याच जाळ्यामुळे.

खालून वर जाणाऱ्या निरोपांचं मला फार महत्त्व वाटतं. आतड्यात दाह असला की माणूस चिडतो, खचतो, झोप उडते. घरचे म्हणतात, "बघा, स्वभावच असा, म्हणून आजार झाला." पुष्कळदा क्रम उलटा असतो.

४. डॉक्टरसुद्धा पूर्वी हेच म्हणायचे असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे. सेसिल मरे यांनी १९३० साली कोलायटिसची सुरुवात आणि भावनिक प्रसंग यांचा संबंध मांडला. पुढे फ्रांझ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने सात आजार मनोकायिक, म्हणजे मनातून शरीरात उतरणारे, म्हणून मांडले. त्यांत दमा, पोटातला अल्सर, उच्च रक्तदाब आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. कित्येक वर्षं कोलायटिसच्या रुग्णाला "आईवर अवलंबून असलेला, राग दाबणारा" असं ठरवून टाकलं जायचं.

मग दोन गोष्टी घडल्या. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की पोटातल्या बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. ज्या अल्सरला जग "काळजीचा आजार" म्हणत होतं, तो बहुतेकांच्या बाबतीत अँटिबायोटिकने बरा होऊ लागला.

दुसरी गोष्ट, कोलायटिस आणि मानसिक कारणं यांच्यावरचे १३८ जुने अभ्यास १९९० साली एका गटाने तपासले. बहुतेकांची पद्धतच सदोष निघाली. तुलनेसाठी निरोगी माणसांचा गट न घेणं हा त्यातला एक दोष. जे थोडे अभ्यास नीट केलेले होते, त्यांत संबंध आढळला नाही. २००१ साली क्रोन्सशी निगडित असा नॉड-२ हा पहिला जनुक सापडला. आज चित्र असं आहे: जनुकांचा कल, आतड्यातले जंतू, आहार आणि धूम्रपानासारख्या सवयी, आणि आपल्याच आतड्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती. यातलं एकटं कुणीही पूर्ण दोषी नाही.

५. हॅमर नावाच्या जर्मन डॉक्टरचे व्हिडिओ फिरतात. तो कोण?

रीके गेर्ड हॅमर, जन्म १९३५. त्याचा मुलगा डिर्क १९७८ साली गोळी लागून जखमी झाला आणि काही महिन्यांनी गेला. त्यानंतर हॅमरला अंडकोषाचा कॅन्सर झाला. मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यानेच आपल्याला कॅन्सर झाला अशी त्याची खात्री पटली, आणि तिथून त्याने सगळ्या आजारांचा नियम बनवला. त्या धक्क्याला नावही मुलाचंच दिलं. एका बापाचं दुःख म्हणून ते मी समजू शकते. पण एका माणसाच्या दुःखावरून सगळ्या जगाचं वैद्यक लिहिता येत नाही.

मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणारी वर्तुळं म्हणजे भावनिक धक्क्याच्या खुणा, असा त्याचा दावा होता. क्ष-किरणतज्ज्ञांनी ती यंत्रातून उमटणारी वर्तुळं असल्याचं सांगितलं. १९८६ साली जर्मनीत त्याचा वैद्यकीचा परवाना काढून घेतला गेला. १९९५ साली ऑस्ट्रियातल्या सहा वर्षांच्या ऑलिव्हियाला मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला आणि आईवडील तिला उपचारांपासून दूर, स्पेनमध्ये त्याच्याकडे घेऊन गेले. शेवटी तिला परत आणून केमो आणि शस्त्रक्रिया झाली, म्हणून ती वाचली. हॅमर २०१७ साली नॉर्वेत वारला. त्याच्या कल्पना मात्र आता नवी नावं घेऊन वर्कशॉपमध्ये फिरतात. शिकवणाऱ्याला पुष्कळदा मूळ माहीतही नसतं.

६. आयुर्वेदात भयज आणि शोकज अतिसार सांगितला आहेच की! मग तुम्ही नाकारता कशाला?

मी नाकारत नाही. चरकसंहितेत अतिसाराच्या प्रकारांमध्ये भयज आणि शोकज हे दोन प्रकार आहेत, आणि तिथे रुग्णाला हर्ष आणि आश्वासन द्यावं असंही सांगितलं आहे. मला ते फार सुंदर वाटतं. भ्यालेल्या माणसाला धीर देणं हा उपचाराचा भाग आहे, हे इतक्या आधी कुणीतरी लिहून ठेवलं.

पण तिथेच वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक हे प्रकारही आहेत. सगळा अतिसार शोकातून येतो असं चरक म्हणत नाही. ग्रंथातले दोन प्रकार उचलून बाकीचे झाकून ठेवणारा माणूस आयुर्वेद सांगत नसतो. वैद्यांकडे जायचं असेल तर पदवी घेतलेल्या वैद्यांकडे जा, दुर्बिणीचा रिपोर्ट सोबत न्या, आणि दोन्हीकडच्या औषधांची यादी दोघांनाही दाखवा.

७. पण माझ्या बाबतीत जुळतं हो. सासरे गेले आणि दोन महिन्यांत रक्त पडायला लागलं.

तुमचं दुःख खरं आहे, आणि जुळणंही खोटं नाही. पण एक करून पाहा: निरोगी शेजाऱ्याला विचारा, गेल्या वर्षभरात घरात काय काय झालं? कुणीतरी गेलेलं असतं, कुणाची नोकरी सुटलेली असते, गारपिटीत बाग झोपलेली असते, भावाभावांत बोलणं बंद असतं. निफाडच्या द्राक्षवाल्याला तर दर दोन-तीन वर्षांनी असा धक्का बसतो, आणि सगळा तालुका कोलायटिसने आजारी पडलेला नाही. आजारी माणसाला "कारण काय असेल?" असं विचारलं की तो मागे जाऊन प्रसंग शोधतो. निरोगी माणसाला कुणी विचारतच नाही.

शिवाय पहिलं रक्त दिसतं तेव्हा आजाराची ती सुरुवात असतेच असं नाही. दाह त्याआधी महिनोन्‌महिने गुपचूप चाललेला असू शकतो.

८. मग टेन्शनने आजार उसळतो की नाही, एकदाच सांगा.

असलेला आजार उसळायला ताण हातभार लावू शकतो. ज्यांना ताण जास्त जाणवतो त्यांच्यात उसळी जास्त दिसते, असं अनेक अभ्यासांत आलं आहे. नसलेला आजार ताण निर्माण करतो, याला तसा आधार नाही. उसळीची इतर कारणं आधी तपासा: गोळ्या चुकल्या, पोटाचा जंतुसंसर्ग झाला, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं घेतली. क्रोन्स असेल तर सिगारेट. आमच्या बैठकीत "टेन्शनमुळे झालं" म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारते, गोळ्यांची पट्टी कुठे आहे?

९. मन मोकळं करण्याच्या सत्रानंतर सहा महिने गोळी न घेता ठीक आहे. आता काय म्हणाल?

ठीक आहात याचा आनंद आहे. पण या आजाराचा स्वभावच चढउताराचा आहे. कोलायटिसच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये डमी गोळी घेणाऱ्यांतलेही दहात एकाच्या आसपास लोक शांत अवस्थेत जातात. आणि बाहेरून ठीक वाटत असताना आत दाह चालू असू शकतो. कॅलप्रोटेक्टिन करून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना खरं काय ते सांगा. ते रागावतील ही भीती मलाही होती.

आजार होऊन आठेक वर्षं झाली असतील तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. मोठ्या आतड्यात बराच काळ दाह राहिला की कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो पोट न दुखताही वाढतो.

१०. "रक्त पडतंय म्हणजे बरं होण्याचा टप्पा सुरू झाला" असं सांगितलंय. थांबू का?

थांबू नका. या सगळ्या विचारसरणीतला सर्वात घातक भाग हाच आहे. लक्षण वाढलं की ते बरं होण्याचं चिन्ह, कमी झालं तर तेही बरं होण्याचं चिन्ह. मग धोक्याची घंटा वाजायची कधी?

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि सोबत ताप, किंवा बसल्याजागी ९० च्या वर नाडी, किंवा उतरलेलं हिमोग्लोबिन: हा तीव्र झटका आहे, लगेच रुग्णालय गाठा. पोट टम्म फुगून दुखायला लागलं तर रात्र काढू नका. मोठं आतडं फुगून फुटण्याची भीती असते.

११. तुम्ही स्वतः असं काही केलं होतं का?

केलं होतं. आजाराच्या तिसऱ्या वर्षी मैत्रिणीबरोबर एका हॉलमध्ये दोन दिवसांच्या शिबिराला गेले. समोरच्या बाईंनी विचारलं, "आयुष्यात काय पचलं नाही?" माझ्या तोंडून वडिलांच्या जमिनीची वाटणी निघाली. धाकट्या भावाशी चार वर्षं बोलणं नव्हतं. मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी बाईने मला धरून ठेवलं. घरी आले ती हलकी होऊन. त्या रात्री कित्येक दिवसांनी सलग झोपले, हे मी आजही नाकारणार नाही.

मग हळूहळू मेसालामाइन, हे कोलायटिसचं माझं औषध, सोडलं. कुणी "सोडा" असं स्पष्ट म्हटलं नव्हतं. "शरीराला आता गरज उरणार नाही" एवढंच म्हटलं होतं. दहाव्या आठवड्यात रक्त सुरू झालं. मी फोन केला, तर उत्तर आलं की राग अजून पूर्ण गेलेला नाही, भावाला मनापासून माफ केलेलं नाही. त्या वाक्यावर मी आणखी तीन आठवडे काढले. रोज पहाटे संडासात बसून स्वतःला विचारायचे, अजून काय माफ करायचं राहिलंय? दाखल झाले तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, स्टिरॉइडची सलाइनं लागली. रात्री उशाशी बसायला आला तो तोच भाऊ. त्याला मी आजही पूर्ण माफ केलेलं नाही, आणि माझं आतडं मात्र पाच वर्षं शांत आहे.

१२. मुलगा अकरा वर्षांचा आहे. "आईबापाच्या भांडणामुळे याला क्रोन्स झाला" असं नातेवाईक म्हणतात. आमचंच चुकलं का?

नाही. हे मी प्रत्येक आईला फोनवर दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा ते कानात शिरत नाही. भांडणं कमी झाली तर मुलाला बरं वाटेल, तेवढ्यासाठी ती कमी करा. पण क्रोन्स तुमच्या भांडणातून आलेला नाही. ज्या घरांत आवाजही चढत नाही तिथल्या मुलांनाही तो होतो.

मुलांमध्ये वेळेला फार किंमत आहे. दाह चालू राहिला तर उंची खुंटते, वयात येणं लांबतं. "आधी घरातली ऊर्जा सुधारू" म्हणून घालवलेलं वर्ष भरून काढणं कठीण असतं. आणि मुलाच्या कानावर "तू राग धरून ठेवतोस म्हणून" हे शब्द पडू देऊ नका. मुलं असलं खरं मानतात.

१३. क्रोन्स की टीबी हेच ठरत नाहीये. तोवर हीलिंग करून पाहू?

आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दुर्बिणीत इतके सारखे दिसतात की तज्ज्ञांनाही वेळ लागतो. टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर टीबी पसरू शकतो, म्हणून डॉक्टर सावध असतात. कधीकधी आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करतात. हा उशीर निष्काळजीपणाचा नाही. "अवयवावरून संघर्ष ओळखणाऱ्या" माणसाला मात्र दोन्हींत एकच न पचलेला राग दिसेल, आणि टीबीचा जंतू तुमच्या माफीची वाट पाहत नाही.

१४. इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का?

आजार शांत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर जा. धम्मगिरी आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आमच्यातले काही जण जाऊन आले आहेत. विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचाराचा पर्याय नाही, असं त्यांच्या नियमांतच स्पष्ट म्हटलेलं आहे. हे मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लावतं. अर्जात आजार आणि औषधं लपवू नका, गोळ्या मोजून न्या. जुन्या साधकांना (आधी शिबिर केलेल्यांना) दुपारी बारानंतर जेवण नसतं, म्हणून जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्यांचं वेळापत्रक आधी ठरवा. उसळी चालू असताना जाऊ नका.

योगासनं, प्राणायाम, समुपदेशन यांनाही हेच लागू: औषधांच्या जोडीला करा, औषधांच्या जागी नाही.

१५. घरचे म्हणतात पितृदोष आहे, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा.

श्रद्धा असेल तर करा, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. गोळ्या पूजेच्या दिवसांतही चालू ठेवा. उपास धरायचा तर डॉक्टरांना विचारून, स्टिरॉइडवर असाल तर विशेष. पूजेनंतर आराम पडला नाही म्हणून "श्रद्धा कमी पडली" असं कुणी म्हणालं, तर ११ वा प्रश्न पुन्हा वाचा.

१६. रिपोर्ट सगळे चांगले, तरी पोट दुखतं. आणि मन मोकळं केलं की थांबतं. मग?

हा खरा अवघड प्रश्न, आणि इथे मी दोन पावलं मागे येते. शांत अवस्थेतल्या आयबीडी रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांना आयबीएससारखी लक्षणं असतात. दाह गेलेला असतो, पण आतड्याच्या चेता जास्त हळव्या झालेल्या असतात. मन शांत झालं की दुखणं खरंच कमी होतं, कारण वेदना किती जाणवावी हे मेंदूही ठरवतो.

इथे मनाचे उपचार हाच उपचार असू शकतो. आयबीएससाठी वर्तनोपचार आणि आतड्यावर केंद्रित संमोहन यांचे अभ्यास झालेले आहेत. संमोहनाचा पहिला गाजलेला अभ्यास १९८४ साली मँचेस्टरमध्ये ३० रुग्णांवर झाला. अट एकच: दाह नाही हे आधी तपासणीने ठरलं पाहिजे, भावनेवरून नव्हे.

१७. पोटाच्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहिली. मला वेडी समजतात का?

नाही. अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या कमी मात्रेत आतड्याच्या चेतांची संवेदना उतरवतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत आयबीएसच्या रुग्णांना १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेने फायदा झाला. आणि खरोखर उदास वाटत असेल तर तेही सांगा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

१८. माझी बहीण अशा ग्रुपमध्ये पूर्ण अडकली आहे. कसं बोलू?

वाद घालू नका. हॅमरचा परवाना, नोबेल, १३८ अभ्यास यांतलं काही पहिल्या दिवशी काढू नका. तिला तिथे कुणीतरी पहिल्यांदा तासभर ऐकून घेतलेलं असतं, आणि आपण सगळे ओपीडीच्या पाच मिनिटांत तिला घाईने उठवत आलो. आधी तेवढंच ऐकून घ्या.

मग एकच मागणं मागा: "तुझं सत्र चालू ठेव, पण गोळी आणि दर तीन महिन्यांची तपासणी सोडू नकोस." रिपोर्ट आणायला सोबत जा. माझी मैत्रीण, जिच्याबरोबर मी शिबिराला गेले होते, ती अजूनही त्या ग्रुपमध्ये आहे. दर तिमाहीला तिचं कॅलप्रोटेक्टिन असतं. सकाळी साडेसातला मी तिला स्कूटरवर लॅबला नेते. येताना आम्ही मिसळ खात नाही, तिला सोसत नाही, इडली खातो.